गाणं संपल्यावर लगेच दुसरं लावू नका

बाबा गेले तेव्हा मी रडलो नाही. म्हणजे रडायला वेळच मिळाला नाही, पंचकुइयाच्या स्मशानात पावती फाडायची होती, मग दहावा, तेरावा, बँकेत नॉमिनीचे कागद, आईच्या बीपीच्या गोळ्या, आलेल्यागेलेल्यांचे चहा, आणि जो तो म्हणत होता की बघा पोरगा कसा खंबीर आहे, सगळं सांभाळलं. ते ऐकून मी अजूनच खंबीर. असे आठ महिने गेले. डोळे कोरडे आणि छातीत कोणीतरी ओली कणीक थापून ठेवल्यासारखं, झोप पहाटे चारला तुटायची आणि कोणी काही विचारलं की माझं एकच उत्तर, काही नाही रे, ऑफिसचं टेन्शन आहे.

मग एका रविवारी इंदुरात राजेंद्र नगरच्या नेहमीच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. अर्ध्या गालाला फेस, रेडिओ चालू, जुनं हिंदी गाणं लागलं. बाबांना गाण्यांचे शब्द कधीच लक्षात राहायचे नाहीत, ते दाढी करताना शिट्टीवर वाजवायचे ते दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक. या गाण्यातला तो व्हायोलिनचा तुकडा त्यांचा रोजचा, आणि शेवटचा सूर रोज थोडा उतरलेला. मुखडा झाला, मला काही नाही. पहिलं कडवं झालं, काही नाही. मग तो तुकडा आला आणि रेडिओवर शेवटचा सूर बरोबर लागला. बाबांचा कधीच लागला नव्हता. तिथेच माझं सुटलं.

सलूनवाला वस्तरा हवेत धरून, "क्या हुआ भिया, लग गई क्या?" मी मान हलवली. त्याने दुसरं काही विचारलं नाही. वस्तरा खाली ठेवला, गरम टॉवेल पिळून माझ्या तोंडावर टाकला आणि गाणं संपल्यासंपल्या रेडिओ बंद केला. मागे बाकावर बसलेला कोणीतरी म्हणाला अरे चालू रहने दे यार, तर हा म्हणाला, "दो मिनट."

त्या टॉवेलखालच्या दोन मिनिटांत जे झालं ते आठ महिन्यांत झालं नव्हतं. आणि हे सगळं लिहितोय ते त्या दोन मिनिटांसाठीच, कारण मी स्वतः नंतर ते पूर्ण विसरलो. घरी येऊन तेच गाणं मोबाईलवर लावलं, रात्री एक वाजता, हेडफोन घालून, लागोपाठ अकरा वेळा, मग दुसऱ्या दिवशी परत, आणि खालून ऑटोप्लेमध्ये मोबाईल आणखी रडकी गाणी आणून देतोय. तीन आठवडे हे चाललं. बरं वाटायचं सोडून मी असा झालो की बायको म्हणाली, तू बाबांची आठवण काढतोयस की स्वतःला छळतोयस? तिचं बरोबर होतं. गाण्याने आणि सिनेमाने मोकळं होता येतं, पण त्याची एक पद्धत आहे, चुकली की तेच औषध पोटात जळजळ करतं. मी डॉक्टर नाही, अकाउंट्सवाला माणूस आहे. पण त्यानंतर जे वाचलं, करून बघितलं आणि दोन-तीन जणांना करायला लावलं ते सांगतो.

आधी हे होतं कशामुळे

थोडक्यात सांगतो, सायन्सचा क्लास घेत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या गाण्याने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, जेवणाने वगैरे सुटतं तेच. गंमत म्हणजे ते दोनदा सुटतं, दोन वेगळ्या जागी, एकदा ती जागा यायच्या आधी वाट बघताना आणि एकदा प्रत्यक्ष ती जागा आल्यावर. आपल्याला हे मैफिलीत माहितीच आहे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधी अख्खी खोली पुढे झुकते आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम पडतात. अर्धं सुख त्या झुकण्यात आहे.

दुसरं, जॉन स्लोबोडा नावाच्या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये लोकांना विचारलं की संगीतात नेमकं कुठे रडू येतं ते दाखवा. पुष्कळ जागा अशा निघाल्या की जिथे सूर आधी शेजारच्या सुरावर टेकतो, थोडा टोचतो आणि मग आपल्या घरी येतो. मला हे वाचून आपली मींड आठवली, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि कणस्वर आठवले, मुख्य सुराला शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श. आपण आवाजात "हृदय आहे" म्हणतो ते बहुतेक हेच, सूर सरळ न येता कुठूनतरी येतो.

सिनेमाचं उत्तर मला आपल्याकडेच जास्त पटलं. नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींनी आठ रस सांगितले, म्हणजे नाटक बघताना मनात उतरणारे भाव, त्यात करुण आहे, शांत हा नववा पुढे आला. आणि दहाव्या-अकराव्या शतकातला काश्मीरचा अभिनवगुप्त, त्याने साधारणीकरण फार छान उलगडून सांगितलंय. म्हणजे नाटकातलं दुःख त्या पात्राचंही राहत नाही आणि माझंही नसतं, ते कोणाचंच नसतं म्हणून सगळ्यांचं होतं. मी माझ्या भाषेत सांगतो: आपल्या घरातल्या दुःखात आपल्याला काम असतं. सतरंज्या टाकायच्या असतात, चहा ठेवायचा असतो, आत्याला स्टेशनवरून आणायचं असतं. पडद्यावरच्या दुःखात आपल्याला काहीच करायचं नसतं, फक्त बसायचं. म्हणून तिथे सुटतं. घरी खंबीर असणारी माणसं थिएटरमध्ये पॉपकॉर्न हातात धरून हमसाहमशी रडतात ती काही नाटकी नसतात.

गाणं कुठलं घ्यायचं

नेटवर "टॉप ५० सॅड सॉंग्स" असतात त्या लिस्ट सोडून द्या. ते दुसऱ्याचं रडू आहे. तुमचं गाणं बहुतेक दुःखी नसतंच. माझं तर चांगलं उडतं, लग्नात बँडवाले वाजवतील असं आहे. गाणं शोधायचं तर माणसाचं नाव मनात घ्या आणि विचारा की हा माणूस कुठल्या कामाच्या वेळी काय गुणगुणायचा, घरात रेडिओ किती वाजता लागायचा, गाडीत कुठली कॅसेट अडकलेली होती, गणपतीच्या दहा दिवसांत लाऊडस्पीकरवर काय असायचं. शब्दांच्या मागे लागू नका. मधलं म्युझिक, गाण्याआधीचा बाजा, अगदी रेडिओवरची खरखर, तिथे जास्त माल असतो.

वयाचा एक हिशोब आहे. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे घडतं, जे ऐकतो, ते म्हातारपणीही जास्त आठवतं, मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. म्हणजे आईसाठी गाणं शोधायचं तर तिच्या विशीतलं शोधा, तुमच्या विशीतलं नको. ही चूक मी केली, पुढे सांगतो. आणि घरात कोणाला विसरायचा आजार असेल किंवा स्ट्रोकनंतर बोलणं गेलं असेल तर त्यांच्या तरुणपणीचं गाणं लावून बघाच, बोलता न येणारे काही पेशंट गाण्याची ओळ मात्र म्हणतात, त्यावरून १९७३ मध्ये अमेरिकेत सुरावर बोलायला शिकवायची एक उपचारपद्धतही निघाली. पण ते काम स्पीच थेरपिस्टला विचारून करायचं.

शब्द टोचत असतील, म्हणजे दुसरी ओळ यायच्या आधीच नको वाटत असेल, तर शब्द सोडा आणि वाद्य घ्या. सारंगी, बासरी, सतार, जे घरात चालत असेल ते. आणि जे गाणं खरंच तुमचं आहे ते रोज वापरू नका. अकरा वेळा लावलं की ते गाणं झिजतं, मग त्यात बाबा राहत नाहीत, मोबाईल राहतो. मी माझं आता वर्षातून तीन-चार वेळा लावतो. लोणच्याची जुनी बरणी रोज उघडत नाहीत तसं.

जिथे आहात तिथून सुरू करा

हा मुद्दा नीट वाचा, सगळ्यात जास्त चूक इथे होते. कोणी उदास असलं की घरातले म्हणतात, अरे काहीतरी मस्त लाव, मूड फ्रेश होईल. होत नाही. चिडचिड होते. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या आयरा आल्टशुलर नावाच्या मनोविकार डॉक्टरांनी पेशंटांवर काम करताना सांगितलं की आधी पेशंटचा मूड जसा आहे तसंच संगीत लावा आणि मग हळूहळू ते बदलत न्या, पेशंट मागोमाग येतो. म्युझिक थेरपीवाले आजही हे वापरतात. आपल्या घरात पण हेच असतं ना, रडणाऱ्या पोराला आधी "हो रे लागलं का, बघू बघू" म्हणावं लागतं, लगेच खुळखुळा वाजवला तर ते जास्त रडतं.

तर तीनच गाणी घ्या. पहिलं तुमच्या आत्ताच्या मूडसारखं, दुसरं अर्धी पायरी वर, तिसरं अजून अर्धी. तिसरं नाचायचं नको, फक्त उठून पाणी प्यावंसं वाटेल इतपत. पाच-सहा मिनिटांची तीन गाणी आणि मधली शांतता धरून अर्धा तास. चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक इंदुरी नमुना देतो. संध्याकाळी दिवेलागणीला उगाच हुरहुर लागते, त्या वेळेचा राग मारवा. पंचम म्हणजे प नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे ज्याला घर मानतात तो सा, फार कमी लावतात, म्हणजे सगळं गाणं घराबाहेर फिरत राहतं, घर समोर दिसतंय पण आत जात नाही. आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवायचे, त्यांचं लहानपण इथलं. इतक्या संथ लयीत गातात की पहिली पाच मिनिटं तुम्हाला वाटेल नेट अडकलं की काय. बसून राहा. हे पहिलं. मग दुसरं म्हणून यमन घ्या, कोणाचाही, आणि त्यात जेव्हा पंचम आणि षड्ज भरपूर भेटतात तेव्हा खांदे आपोआप खाली येतात, मला तरी असं दर वेळी होतं. रागाने डायबिटीस बरा होतो वगैरे फॉरवर्ड येतात त्यांच्या नादी लागू नका, तसंच ती अमुक फ्रिक्वेन्सीने जखम भरते असे आठ आठ तासांचे व्हिडिओ असतात, झोप लागत असेल तर खुशाल लावा पण गोळ्या बंद करू नका.

वेळ, जागा आणि मोबाईलचं काय करायचं

रात्री अकरानंतर नाही. रात्री मेंदूला समजावणारं कोणी जागं नसतं. मला सकाळी पोहे-जलेबी व्हायच्या आधीची वेळ बरी पडते किंवा संध्याकाळी सहा-साडेसहा. गाडी चालवताना अजिबात नाही, विजय नगर चौकात डोळे भरले तर मागचा तुम्हाला सांत्वन करणार नाहीये, हॉर्न देणार आहे.

हेडफोनपेक्षा स्पीकर बरा असं माझं मत आहे. हेडफोनमध्ये गाणं डोक्यात शिरतं आणि तिथेच फिरत बसतं, स्पीकरमध्ये ते खोलीत असतं, तुम्ही त्याच्यापासून थोडे लांब बसू शकता, उठून खिडकीशी जाऊ शकता. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका म्हणजे ऐन मींडेत क्रेडिट कार्डवालीचा फोन येणार नाही, त्यासाठी गाणं आधी डाउनलोड करून ठेवा. आणि ऑटोप्ले बंद. व्हिडिओवर असाल तर वर छोटा स्विच असतो, गाण्याच्या ॲपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागतं. हे एक काम या सगळ्या लेखातलं तुम्ही केलंत तरी पुष्कळ झालं.

ऐकताना काय करायचं? काही नाही. मांडी घाला किंवा खुर्चीत बसा, पाय जमिनीला. भाजी निवडत ऐकलं तरी चालतं, उलट काहींना हाताला काम असलं की मन सैल होतं, आमच्या एक काकू मटार सोलत ऐकतात. सोबत गुणगुणता आलं तर उत्तम, कारण गुणगुणताना श्वास आत पटकन आणि बाहेर लांब जातो, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके जरा सावकाश होतात. सूर लागला नाही तरी चालेल, बाबांचा कुठे लागायचा.

रडू आलं तर येऊ द्या. नाही आलं तर परीक्षा नापास झालात असं नाही. काहींना जांभया येतात, काहींचा घसा आवळतो, एका मित्राला फक्त भूक लागते. ते पण सुटणंच आहे.

आणि मग दोन मिनिटं

आता मुख्य. गाणं संपलं की काहीही लावू नका. दोन मिनिटं. घड्याळ लावा हवं तर.

हे मी सलूनवाल्याकडून शिकलो, पण नंतर कळलं की हे मोजूनही झालंय. इटलीत पाव्हियाला लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सोबत्यांनी २४ जणांना वेगवेगळ्या तऱ्हेचं संगीत ऐकवलं, त्यात आपला एक राग पण होता, आणि मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली. २००६ मध्ये ते छापून आलं. झालं असं की जलद संगीताने श्वास आणि ठोके वाढले, आणि त्या मधल्या शांततेत ठोके आणि बीपी इतके खाली आले की ऐकायला बसायच्या आधी होते त्याच्याही खाली. बघायला निघाले होते संगीताचा परिणाम आणि सगळ्यात जास्त आराम मिळाला तो गप्प बसण्यात. पण नुसतं गप्प बसून ते होत नाही बरं का, आधी संगीत लागतं. भात शिजल्यावर गॅस बंद करून झाकण ठेवतो, ती जी वाफ असते ना, तिच्यात शेवटचा दाणा शिजतो. गॅसशिवाय वाफ नाही आणि झाकण लगेच काढलं तर भात कच्चा.

आपल्या मैफिलीत हे शहाणपण पहिल्यापासून आहे. भैरवी झाली की पुढे काही गात नाहीत. लोक उठतात, चपला शोधतात, कोणी फारसं बोलत नाही. आणि आपण घरी काय करतो, भैरवी संपायच्या आत खाली पुढच्या व्हिडिओचा काउंटडाऊन, पाच, चार, तीन.

शांततेची गोष्ट निघाली की मला देवास आठवतं. इथून तासाभराच्या रस्त्यावर. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे राहायला आले ते टीबी घेऊन, मालव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. आणि हा माणूस कोण, तर दहा-अकराव्या वर्षीच मैफिली गाजवलेला. सुमारे पाच वर्षं बिछान्यावर, गळा बंद. तेव्हा टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन नवीन आलं होतं, त्याने आणि पत्नी भानुमतीताईंच्या सेवेने ते उठले. पण त्या पडून राहण्यात त्यांच्या कानावर काय पडत होतं, तर रस्त्याने जाणाऱ्या बायकांची मालवी गाणी आणि नाथपंथी साधूंची भजनं. गाता येत नव्हतं म्हणून फक्त ऐकलं. पुढे त्यातूनच लोकधुनांवरचे नवीन राग आले, निर्गुणी भजनं आली, आणि अधू फुप्फुसामुळे लांब ताना घेणं जड जायचं म्हणून छोट्या छोट्या, मधे थांबून घेतलेल्या जागा आल्या. त्यांचं गाणं ऐकताना त्या थांबण्याकडे लक्ष द्या. मी देवासला माताजीच्या टेकडीखाली त्यांच्या घरावरून, भानुकुलवरून दोन-तीनदा गेलोय, आत नाही गेलो, बाहेर स्कूटर बंद करून थोडा वेळ उभा राहिलो. लोक म्हणतात सेल्फी काढला नाही? नाही काढला.

दोन मिनिटं झाली की एक ओळ लिहायची. वहीत, मोबाईलमध्ये नको कारण मोबाईल उघडला की गेलात. काय वाटलं ते नाही लिहायचं, ते सगळ्यांचं सारखंच असतं, वाईट वाटलं, आठवण आली. नेमकं कुठे झालं ते लिहा. "दुसऱ्या कडव्याआधीच्या व्हायोलिनला." "जिथे तबला थांबतो तिथे." "काही नाही, खोकला आला." आठ-दहा ओळी झाल्या की मागे वळून वाचा. माझ्या वहीत वाचल्यावर दिसलं की मला रडू येतं ते बाबा गेले म्हणून कमीच, जास्त करून त्यांची शिट्टी चुकते म्हणून मी लहानपणी वैतागून दार लावून घ्यायचो त्याचं. ते मला स्वतःलाच माहिती नव्हतं. त्या दिवशी आईला जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, ते तुला चिडवायलाच मुद्दाम चुकवायचे."

ते खरं की तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, मी विचारलं नाही.

सिनेमाचं थोडं वेगळं आहे

गाणं पाच मिनिटांचं, सिनेमा अडीच तासांचा, म्हणून निवड जपून. एकच नियम सांगतो, तुमच्या दुःखाच्या शेजारच्या घरातला सिनेमा घ्या, तुमच्या घरातला नको. म्हणजे ज्याचा माणूस आयसीयूत गेला त्याने पहिले काही महिने हॉस्पिटलचा सिनेमा बघू नये, मॉनिटरचा तो टीक टीक आवाज लागला की रसबिस काही नाही, सरळ त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहता. त्याने दोन भावांचा बघावा, मास्तर आणि विद्यार्थ्याचा बघावा, म्हातारा आणि कुत्र्याचा बघावा. थोडं अंतर असलं की आत जायला दार मिळतं आणि बाहेर यायलाही. घटस्फोटवाल्याने लव्हस्टोरी, नोकरी गेलेल्याने यशस्वी माणसाचा बायोपिक, हे पण पुढे ढकला.

थिएटर की घर? अंधार, मोठा आवाज आणि बाजूला अनोळखी माणूस नाक ओढतोय, यात वेगळीच ताकद आहे, एकट्याने रडण्यापेक्षा शंभर जणांत रडणं हलकं पडतं. नाटकाचंही तेच, इंदुरात सानंद या संस्थेच्या नाटकांना मी बघतो ना, एखाद्या वाक्याला अख्ख्या हॉलमध्ये शांतता पसरते आणि मग एकदम सगळीकडून रुमालांची सळसळ. मालव्यात कबीर गाणाऱ्या मंडळ्या रात्र रात्र बसतात, तंबुरा, करताल, ढोलक, तिथेही कोणी डोळे पुसत असलं तर कोणी वळून बघत नाही. पण पहिल्यांदाच करत असाल आणि खात्री नसेल तर घरी बघा कारण पॉज करता येतं. आणि सोबत एकच माणूस घ्या, असा की जो "अरे सिनेमाच आहे" म्हणणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये असे दोघं आहेत, त्यांना मी फक्त कॉमेडीला नेतो.

संपल्यावर नावं पूर्ण वर जाऊ द्या. ओटीटीवर नावं लगेच छोट्या चौकोनात जातात आणि पुढचा सिनेमा सुरू होतो, तिथे रिमोटने परत मोठं करा. थिएटरमध्ये झाडूवाला येईपर्यंत बसा. घरी जाताना लगेच "कसा वाटला" वर चर्चा नको, कोणाची ॲक्टिंग भारी वगैरे उद्या बोला, पार्किंगपर्यंत गप्प चाला. हीच ती दोन मिनिटं.

कधी बंद करायचं

ऐकून झाल्यावर तासाभराने तुम्ही आधीपेक्षा हलके आहात का, एवढंच बघा. हलके असाल तर चालू ठेवा, आठवड्यातून एक-दोनदा. जड असाल आणि सलग तीन-चार वेळा जडच असाल तर तुम्ही मोकळे होत नाही आहात, घोळवत बसला आहात, जसं मी केलं. तेच विचार तेवढेच फिरत असतील आणि गाणं फक्त त्यांना ताल देत असेल तर गाणं बंद, बाहेर चक्कर, कोणाशी तरी बोला.

आणि दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर गाणी-सिनेमे बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सरकारचा टेली-मानस म्हणून फोन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री पण उचलतात. लाज वाटायचं कारण नाही. मी स्वतः तीन आठवड्यांच्या त्या प्रकारानंतर एका डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा, दुसरा मोबाईलचा.

आईचं राहिलं. मोठ्या हौसेने मी तिला बसवून बाबांचं ते गाणं लावलं, वाटलं आता हिचं पण मोकळं होईल. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. यांना आवडायचं का हे?" तिच्या आठवणीतले माझे बाबा वेगळे होते ना, लग्नाआधीचे, सायकलवाले, त्यांचं गाणं माझ्या जन्माच्या आधीचं. मग तिलाच विचारलं तर गाण्याचं तिला काही सांगता येईना, एक सिनेमा सांगितला, लग्नानंतर दोघांनी पहिल्यांदा बघितलेला. शोधून काढला, टीव्हीला लावला. ती सोफ्याच्या अगदी टोकाला पदर घट्ट धरून बसली, हॉलमध्ये बसल्यासारखी. मध्येच एका साध्या सीनला, नायक नायिकेसाठी भुईमुगाच्या शेंगा सोलून ठेवतो तेव्हा, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही काही नाही. मी पॉज करू का विचारलं तर हातानेच नको म्हणाली. इंटरव्हलची पाटी आली. मी बंद करून गप्प बसलो, पंख्याचा आवाज तेवढा. थोड्या वेळाने उठली, चष्मा पुसला.

म्हटलं, पुढचा अर्धा लावू?

"नको. आम्ही तेव्हाही इंटरव्हललाच उठलो होतो, यांची शेवटची बस होती. चल, मला भाजी घ्यायचीय."